एकाच नाकपुडीची सर्दी

ठाण्यात राहणाऱ्याला सर्दीचं कारण शोधायला डॉक्टर लागत नाही. घोडबंदर रोडची धूळ, मेट्रोची खोदाखोदी, ऑफिसातला एसी, लोकलमध्ये मानेवर शिंकणारा सहप्रवासी, यातलं काहीही एक सांगितलं की घरचे मान डोलावतात आणि केमिस्टकडून सेट्रिझिनची पट्टी येते. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पंचाईत अशी की कान-नाक-घशाचे विरळ आजार नेमके याच गर्दीत बेमालूम मिसळतात. त्यांचीही लक्षणं तीच: नाक वाहतं, घोळणा फुटतो, कमी ऐकू येतं, घशात टोचतं. त्यांना गर्दीतून वेगळं काढायची सर्वांत उपयोगी खूण म्हणजे त्रास एकाच बाजूला असणं आणि तिथेच ठाण मांडून बसणं.

धूळ किंवा ॲलर्जी उजवं-डावं बघत नाही, दोन्ही नाकपुड्यांना सारखीच छळते. एकच बाजू महिनोन्महिने वाहत, चोंदत किंवा दुखत असेल, तर त्या बाजूला काहीतरी कारण बसलेलं आहे. बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं, नाकाचा पडदा वाकडा असतो. शिवाय निरोगी नाकातही दर काही तासांनी एक बाजू थोडी मिटते आणि दुसरी उघडते. रात्री कूस बदलल्यावर जाणवतो तो प्रकार वेगळा आणि अगदी नॉर्मल. त्यामुळे एकतर्फी त्रास म्हटल्यावर घाबरून जायचं कारण नाही. दुर्बिणीने आत बघून घ्यायचं कारण मात्र आहे.

मी ठाण्यात ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, सर्जन नाही. माझी खोली ईएनटी सर्जनच्या केबिनला लागून आहे, त्यामुळे तपासणी कुठे अडते आणि कुठे सुटते ते रोज दिसतं. त्यातले काही आजार इथे सांगते. सगळे सांगायचे तर पुस्तक होईल.

नाकातून येणारं मेंदूचं पाणी

मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. शरीर तो रोज साधारण ५०० मिलिलिटर तयार करतं आणि जुना रक्तात शोषून घेतं. एका वेळी शिल्लक असतो सुमारे १५० मिलिलिटर. नाकाचं छत म्हणजेच मेंदूची जमीन. मधलं हाड काही ठिकाणी कागदाइतकं पातळ आहे आणि वासाच्या नसा खाली उतराव्यात म्हणून त्याला मुळातच बारीक छिद्रं असतात. तिथे चीर पडली की तो द्रव नाकात ठिबकू लागतो.

बाइकच्या अपघातानंतर असं झालं तर डॉक्टर सावध असतातच. चकवा देते ती आपोआप सुरू होणारी गळती. ती जास्त करून मध्यमवयीन, वजन वाढलेल्या बायकांमध्ये दिसते. डोक्यातल्या द्रवाचा दाब वर्षानुवर्षं थोडा जास्त राहतो आणि हाड झिजत जातं. अशी बाई सांगते काय, तर "ॲलर्जी आहे, दोन वर्षं गोळ्या चालू आहेत." पण नीट विचारलं की वेगळंच निघतं. पाणी एकाच नाकपुडीतून येतं. देवापुढे वाकलं, केर काढायला वाकलं, की टपटप पडतं. चव खारट लागते. नाक खाजत नाही, शिंकांची माळ लागत नाही. शेंबडाने भिजलेला रुमाल वाळल्यावर कडक होतो. हिचा रुमाल मऊच राहतो. हा रुमालाचा पुरावा पक्का नाही, पण पुढची तपासणी करायला पुरेसा आहे.

यातलं दुखणं सौम्य आणि धोका मोठा. पाणी जिथून बाहेर येतं त्याच वाटेने नाकातले जंतू आत जाऊ शकतात आणि मेंदूज्वर होतो. एखाद्याला दोनदा मेंदूज्वर झाला असेल तर जाणता डॉक्टर नाकात आणि कानात गळती शोधतोच.

सोसायटीत राहणाऱ्यांना यातली खरी अडचण लगेच कळेल. डाग दिसतो हॉलच्या छताला, पण पाणी मुरतंय वरच्या मजल्याच्या बाथरूमच्या कोपऱ्यातून, आणि दोन्हींच्या मध्ये ते कुठून कुठे फिरलंय ते फोडल्याशिवाय दिसत नाही. नाकाचंही तसंच. पाणी डाव्या नाकपुडीतून पडत असलं तरी भोक कपाळामागच्या सायनसच्या तोंडाशी असू शकतं, नाकाच्या अगदी मागच्या टोकाला असू शकतं, किंवा कानामागच्या हाडातही. कानातलं पाणी कान आणि नाक जोडणाऱ्या नळीतून नाकात उतरतं! म्हणून आधी हे पाणी कसलं ते ठरवायचं आणि मग भोक कुठे ते.

पहिल्या प्रश्नासाठी पेशंटला पुढे वाकवून थोडं पाणी छोट्या बाटलीत जमा करतात आणि बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाची तपासणी होते. ते मेंदूच्या द्रवात असतं, शेंबडात नसतं. पूर्वी साखरेची पट्टी बुडवून बघायचे. तिच्यावर विसंबता येत नाही, कारण अश्रूंतही साखर असते आणि रक्ताचा एक थेंबही निकाल बिघडवतो. दुसऱ्या प्रश्नासाठी पातळ कापांचा सीटी स्कॅन हाडातली चीर दाखवतो आणि एमआरआय द्रवाची वाट. तरीही सापडलं नाही तर ऑपरेशनच्या वेळी कमरेतून मणक्यात फ्लुरोसीन हा रंग अगदी थोड्या, मोजून ठरवलेल्या मात्रेत सोडतात आणि नाकात हिरवट-पिवळा थेंब कुठे उगवतो ते दुर्बिणीने पाहतात.

अशी गळती पहिल्यांदा वॉल्टर डँडी या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९२६ मध्ये बुजवली, तीही कवटी उघडून. १९८०च्या दशकात दुर्बिणीने नाकातून जायची वाट रुळली, आणि आज बहुतेकांच्या कपाळावर टाकाही पडत नाही. सर्जन भोकाच्या कडा खरवडून साफ करतो, मग मांडीच्या स्नायूवरचा चिवट पडदा, थोडी चरबी आणि नाकाच्या पडद्याचं रक्तपुरवठ्यासकट उचललेलं अस्तर असे थर बसवतो. पहिल्याच ऑपरेशनमध्ये दहातल्या नऊ जणांची गळती थांबते.

पुढचे काही आठवडे जे पथ्य असतं ते लोकांना क्षुल्लक वाटतं आणि तिथेच घात होतो. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही. त्यासाठी पोट साफ राहायचं औषध देतात. आणि दाब मुळात जास्त असेल तर वजन आणि दाब कमी करायचे उपाय चालू ठेवावे लागतात, नाहीतर एक भोक बुजवलं की दुसऱ्या जागी फुटतं.

घोळणा फुटतो तेव्हा

एप्रिल-मेमध्ये पोराचा घोळणा फुटला तर आपल्याकडे उष्णता म्हणतात, कोकम सरबत देतात आणि मान मागे करून झोपवतात. सरबत द्या, मान मात्र मागे करू नका. रक्त घशात जातं आणि उलटी होते. बसवून पुढे वाकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरायचा. "थांबलं का?" म्हणून दर मिनिटाला सोडून बघायचं नाही. मुलांचा घोळणा बहुतेक वेळा नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून, बोटं घालून नाहीतर कोरडेपणाने फुटतो. तो किरकोळच असतो.

पण दहा ते वीस वयाचा मुलगा, एकच नाकपुडी कायम बंद आणि त्याच बाजूने वारंवार भरपूर रक्त, अशी जोडी जमली तर अँजिओफायब्रोमा मनात आणावाच लागतो. ही रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ नाकाच्या मागच्या कोपऱ्यात उगवते आणि जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होते. ती कॅन्सर नव्हे, पण हाड झिजवत डोळ्याच्या खोबणीकडे आणि मेंदूच्या दिशेने सरकते.

कुठल्याही गाठीचा तुकडा आधी तपासायला पाठवायचा हा सर्वसाधारण नियम. इथे तो उलटा. ओपीडीत चिमट्याने तुकडा काढला तर रक्त थांबता थांबत नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसायचं औषध शिरेतून देऊन केलेला सीटी आणि एमआरआय पाहूनच निदान करतात. ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. मग दुर्बिणीने गाठ काढायची, रक्ताच्या बाटल्या तयार ठेवून. हे काम फक्त ईएनटी सर्जनचं नाही. रेडिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी सगळे एकाच छताखाली लागतात. म्हणून नाक्यावरच्या नर्सिंग होममधल्या चांगल्या सर्जननेही "मोठ्या हॉस्पिटलला जा" म्हटलं तर तो टाळतोय असं समजू नये. अशा सर्जनवर माझा विश्वास उलट वाढतो.

नाकातलं बाकीचं भराभर. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आत मणी, फोम, शेंगदाणा असं काहीतरी आहे असं धरायचं. खेळण्यातली बटण बॅटरी असेल तर त्याच तासाला निघा. ती काही तासांत पडदा जाळते. मोठ्या माणसाला एकाच बाजूने कुजका वास येत असेल तर वरच्या दाढांचा एक्स-रे काढून घ्या, कारण गालाच्या सायनसची जमीन आणि दाढांची मुळं यांच्यात नावापुरतंच अंतर असतं. त्याच सायनसमध्ये बुरशीचा गोळाही होतो. तो काढला की प्रश्न मिटतो. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी ऐकलेली काळी बुरशी ती ही नव्हे. म्युकरमायकोसिस काही दिवसांत पसरते आणि साखर वाढलेल्या माणसाचा गाल बधिर होणं, डोळा सुजणं, टाळूवर काळा डाग येणं ही तिची लक्षणं. त्यात थांबायला वेळ नसतो.

आणि एक खास आपल्या उपखंडातला: ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. नाकात लालसर, खडबडीत, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा मांसल गोळा होतो, हात लागला की रक्त येतं. गियेर्मो सेबर यांनी अर्जेंटिनात १९०० मध्ये त्याचं वर्णन केलं, पण रुग्ण सर्वाधिक भारतात आणि श्रीलंकेत, तळ्यांत अंघोळ करणाऱ्यांमध्ये. बरीच वर्षं त्याला बुरशी समजत होते. जनुकांचा अभ्यास झाल्यावर कळलं की हा जंतू बुरशी नाहीच, तो एका वेगळ्याच गटातला आहे. आणि प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर तो अजूनही वाढवता येत नाही. ठाण्यात बांधकामावर छत्तीसगड, तमिळनाडू, बंगाल, सगळीकडचे लोक येतात. "गाव कुठलं? तळ्यात पोहता का?" हा ओपीडीतला प्रश्न म्हणजे गप्पा नसतात. इलाज म्हणजे गोळा काढून त्याची मुळाची जागा जाळणं. तरी तो परत येऊ शकतो.

कान: आधी गुणगुणून बघा

आता माझ्या खोलीत या. एका कानात बोट घालून, तोंड मिटून "म्‌‌ऽऽ" असं गुणगुणा. आवाज बोट घातलेल्या कानात मोठा येईल. बाहेरून येणारी वाट बंद झाली की हाडांतून येणारा आवाज त्या कानात जास्त घुमतो. आता समजा एका कानाने कमी ऐकू येतंय. गुणगुणलेला आवाज त्याच कानात घुमला, तर बहुधा मळ, पाणी, पडदा किंवा कानातली हाडं असा वाटेतला अडथळा आहे. आवाज चांगल्या कानात गेला तर नस किंवा आतला कान दुखावला असण्याची शक्यता जास्त. आम्ही ५१२ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क कपाळावर ठेवून हेच करतो.

सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटला आणि गुणगुणणं चांगल्या कानात गेलं, तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा. अचानक गेलेल्या नसेच्या बहिरेपणावर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत होतो, पहिल्या दोन आठवड्यांनंतर फारसा उरत नाही. "मळ असेल, तेल घालून बघू" यात इथे जेवढे दिवस जातात त्याची मला मनापासून चीड आहे.

एका बाजूने हळूहळू ऐकू कमी होत गेलं, सोबत त्याच कानात सतत सूंऽऽ असा आवाज, चालताना थोडा तोल जाणं, असं असेल तर ऐकण्याच्या तपासणीचा आलेख बघून आम्ही एमआरआय सुचवतो. क्वचित तिथे ऐकण्या-तोलाच्या नसेवरची गाठ निघते, व्हेस्टिब्युलर श्वानोमा. ही गाठ कॅन्सरची नसते आणि बहुधा फार सावकाश वाढते, काही तर वाढतच नाहीत. त्यामुळे "ब्रेन ट्यूमर" हा शब्द ऐकून घरात रडारड होते तेव्हा सर्जन शांतपणे म्हणतो, "सहा महिन्यांनी परत एमआरआय करू." त्याला टाळाटाळ समजू नका, तो उपचारांचाच एक मार्ग आहे. वाढली तर रेडिएशनचा नेमका झोत किंवा ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये सगळी काळजी असते चेहऱ्याच्या नसेची, कारण ती गाठीला चिकटूनच जाते.

ऑटोस्क्लेरोसिसची गोष्ट वेगळी. हा पुढे बहुधा दोन्ही कानांत होतो, म्हणजे माझ्या एकतर्फीच्या नियमाला अपवाद, पण सुरुवात बऱ्याचदा एका कानापासून होते. कानातलं तिसरं हाड, स्टेपिस, शरीरातलं सर्वांत लहान, जेमतेम ३ मिलिमीटर. आजूबाजूचं हाड वेडंवाकडं वाढून ते जागच्या जागी घट्ट होतं. पडदा छान, मळ नाही, तरी ऐकू येत नाही. तरुण बायकांमध्ये जास्त, घरात आणखी कुणाला असतो. असे पेशंट हळू बोलतात, कारण स्वतःचा आवाज त्यांना मोठा येतो. आणि गंमत म्हणजे सांगतात, "घरी ऐकू येत नाही, पण लोकलमध्ये बरं येतं." खोटं नाही ते. गाडीच्या घरघरीत बाकीचे मोठ्याने बोलतात आणि ती घरघर या पेशंटच्या कानापर्यंत पोचतच नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेत जॉन शे यांनी हे हाड काढून त्याजागी टेफ्लॉनचं बसवलं. आता पूर्ण हाड काढत नाहीत. त्याच्या तळपट्टीला लेझरने किंवा बारीक ड्रिलने मिलिमीटरपेक्षा लहान भोक पाडून त्यात पिस्टन म्हणजे बारीक कृत्रिम दांडी बसवतात आणि तिचं वाकडं टोक दुसऱ्या हाडाला अडकवतात. बऱ्याच ठिकाणी फक्त जागा बधिर करून करतात. पिस्टन बसला की सर्जन हळू आवाजात काहीतरी विचारतो आणि टेबलावरची बाई उत्तर देते. पण शंभरातल्या साधारण एकाचा तो कान कायमचा जाऊ शकतो, हेही सहीच्या आधी ऐकून घ्या. कानाचं यंत्र हाही पूर्ण मान्य पर्याय आहे. दोन्ही कानांत आजार असेल तर आधी जास्त खराब कानाचंच ऑपरेशन करतात, ते याच एका टक्क्यापोटी.

मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका दुखत असेल आणि ड्रॉप घालूनही आठवड्यात उतार नसेल, तर तो साधा कानाचा संसर्ग समजून बसू नका. तो कवटीच्या हाडात उतरलेला असू शकतो, आणि मग कित्येक आठवडे शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात.

घसा, आणि कान दुखतो तरी कान ठीक असतो तेव्हा

कानाखालून घशाकडे उतरणारा हाडाचा एक सुळका असतो, स्टायलॉइड. साधारण अडीच सेंटिमीटरचा. तीनच्या पुढे गेला तर काहींना एकाच बाजूला घशात काटा अडकल्यासारखं टोचतं, गिळताना आणि मान वळवताना कानापर्यंत कळ जाते. वॉट ईगल यांनी १९३७ मध्ये हे मांडलं, म्हणून ईगल सिंड्रोम. असे लोक आधी अक्कलदाढ काढून येतात, मग ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन, शेवटी "मनाचा खेळ आहे" ऐकून. टॉन्सिलच्या खोबणीत बोट दाबलं की तीच कळ येते, थ्रीडी सीटीवर सुळका मोजता येतो. पण लांब सुळका असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. म्हणून नुसत्या सीटीवर ऑपरेशन ठरवत नाहीत, तिथे भूल टोचून कळ थांबते का ते बघतात. मग तोंडातून किंवा मानेतून तो कापतात.

एक विरळ नसलेली गोष्टही सांगितलीच पाहिजे. कान एकाच बाजूला दुखतो, कान तपासला तर स्वच्छ, आणि माणूस तंबाखू, मावा, मशेरीवाला. घसा, जिभेचा मागचा भाग आणि कान यांच्या नसा सामाईक आहेत, त्यामुळे घशातल्या गाठीचं दुखणं कानात उमटतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी ओपीडीत ती जाणवत नाही. तीन आठवड्यांपेक्षा जास्त असा कान दुखला किंवा आवाज बसला, तर दुर्बिणीने घसा बघायलाच हवा.

कुठे जायचं, काय न्यायचं

नाकाची दुर्बीण ४ मिलिमीटर जाडीची असते, आधी बधिर करणारा फवारा मारतात आणि पाच मिनिटांत काम होतं. ती कुठल्याही बऱ्या ईएनटी क्लिनिकमध्ये असते. पुढचं मोठं काम निघालं तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळ-कामोठ्याची मेडिकल कॉलेजं, आणि न्यूरोसर्जन सोबत लागणार असेल तर केईएम, सायन, नायर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ईएनटीच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत; रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख घेण्याच्या आधी भेटा, नंतर नाही. स्कॅनचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म आणि सीडीही न्या. सर्जनला काप स्वतः बघायचे असतात.

ऑपरेशननंतर काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बरणीत घालून बऱ्याच ठिकाणी नातेवाइकाच्याच हातात देतात आणि लॅबचा पत्ता सांगतात. ती बरणी त्याच दिवशी पोचवा. रिपोर्ट साधारण आठवड्याने येतो. तोवर नाक मोकळं झालेलं असतं, माणूस कामावर रुजू झालेला असतो, आणि रिपोर्ट आणायला कुणी फिरकत नाही. एका बाजूचा साधा पॉलिप, म्हणजे नाकातला मऊ फुगवटा, म्हणून काढलेल्या गोळ्याच्या रिपोर्टवर कधीकधी इन्व्हर्टेड पॅपिलोमा या वेगळ्याच गाठीचं नाव लिहिलेलं असतं. तो मूळ धरलेल्या हाडापासून घासून काढावा लागतो, थोड्या जणांत त्याचा कॅन्सर होतो, आणि तो दोन-तीन वर्षांनीही परततो. मग दुर्बिणीची तपासणी निदान पाच वर्षं चालू ठेवतात.